नेगी, मीर रंजन

भारताच्या हॉकी संघाचे माजी गोलरक्षक व नामवंत प्रशिक्षक. मुंबईच्या कस्टम्स खात्यात त्यांनी नोकरी केली. मुंबईच्या हॉकीत रेल्वे, टाटा, कस्टम्स यांसारख्या आस्थापनांच्या संघांचे महत्त्व मोठे असून अनेक खेळाडूंचा चरितार्थ त्यांवरच चालत आला आहे.

दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांत १ डिसेंबर १९८२ रोजी अंतिम फेरीत भारताची गाठ पाकिस्तानशी पडली. पहिला गोल भारताने केला; तथापि हसन सरदार, कलीमुल्ला प्रभृतींच्या वेगवान चढायांपुढे बचावफळी कोलमडली आणि भारत १–७ असा पराभूत झाला. फळी उघडी पडली, की आघाडीचे खेळाडू एकट्या गोलरक्षकावर चालून येतात. त्यामुळे सात गोल हे वस्तुतः सबंध संघाचे अपयश होते. खापर मात्र नेगी यांच्यावर फुटले. त्यांनी पैसे घेऊन गोल होऊ दिले, असा आरोपही झाला. तो कधीच सिद्ध झाला नाही. पण खेळाडू म्हणून त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द झाकोळली. याच स्पर्धेत एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले, हे त्या गदारोळात बहुतेकांच्या ध्यानी राहिले नाही.

पुढे नेगी गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय संघाकडे परतले. १९९८ मध्ये बँकॉक येथे धनराज पिल्ले यांच्या संघाने दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर नमविले. तेथे निर्णायक ठरले ते गोलरक्षक आशिष बल्लाळ. आशियाई सामन्यांतील हॉकीचे सुवर्णपदक भारताला १९६६ नंतर प्रथमच मिळाले. १९६६ च्या विजयी संघाचे कर्णधार शंकर लक्ष्मण हेही गोलरक्षकच होते. २००२ च्या मँचेस्टर येथील राष्ट्रकुल सामन्यांत महिला संघाने इंग्लंडला ३–२ असे हरवून सुवर्णपदक पटकाविले. त्या संघाच्या गोलरक्षकांनाही नेगी यांचे मार्गदर्शन लाभले होते.

चक दे! इंडिया (२००७) या हिंदी चित्रपटासाठी त्यांनी शाहरुख खान व अभिनेत्रींना हॉकीचे धडे दिले. त्याची कथा नेगी यांचे चरित्र होय, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. पटकथाकार जयदीप साहनी यांची संहिता नेगी चित्रपटात येण्यापूर्वीच तयार होती. शिवाय चित्रपटातील नायक गोलरक्षक नसून, पेनल्टी स्ट्रोक वाया घालविणारा आघाडीचा खेळाडू आहे.