बोरघाट, मुकादम आणि उचल

पुण्याची गाडी खंडाळ्याच्या घाटाला लागली की लोक मोबाईल काढून खिडकीशी बसतात. हा घाट कोणी फोडला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजांनी. नकाशा इंग्रजांचा होता, हे खरं. कातळावर पहार मारणारे हात आपले होते.

काम 1856 च्या सुरुवातीला निघालं. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांची आखणी, ठेका फॅविएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे. साधारण 25 किलोमीटरमध्ये 1831 फूट चढायचं, 25 बोगदे खोदायचे. पहार, सुरुंगाची दारू आणि माणसं, एवढंच साधन. काही कड्यांवर माणसाला दोराने खाली सोडत, तो लोंबकळत सुरुंगाचं भोक पाडायचा. 1861 मध्ये कामावर 42 हजारांहून जास्त मजूर होते.

इतकी माणसं कंपनीने थोडीच गोळा केली! ती आणली मुकादमांनी, गावोगाव उचल वाटून. मुकादम म्हणजे अरबी 'मुकद्दम', पुढे चालणारा. मजूर, रोजंदारी, हजेरी हे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला याची गंमत वाटते. उचल मात्र अस्सल मराठी.

कंपनीचा पैसा कंत्राटदाराकडे, तिथून पोटठेकेदाराकडे, मग मुकादमाकडे आणि उरला तर मजुराकडे. वर एक बिल अडलं की खाली चूल थंड. त्यात पावसाळ्यात काम ठप्प, आणि छावण्यांत पटकी. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली, मजूर युरोपीय देखरेखवाल्यांवर धावून गेले. त्याच वर्षी फॅविएलने ठेका सोडला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला. ठेका पुढे चालवला त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी. जागेवरचं काम ॲडमसन आणि क्लाउझर या दोघांवर सोपवून. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्ग खुला केला. बर्कली आदल्याच वर्षी गेले होते. त्यांची, ॲलिसबाईंची नावं इतिहासात आहेत. 42 हजारांतलं एक नाव मला सांगता येणार नाही.

दंगलीनंतरच्या वर्षी, 1860 मध्ये, मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. रेल्वे आणि बांधकामावरच्या मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, ही त्याची चांगली बाजू. पण करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला त्यात तुरुंगही होता. कायदा दोघांसाठी, बेडी एकालाच.

2025 पर्यंत 1996 चा बांधकाम कामगार कायदा होता. बांधकाम खर्चावर किमान 1 टक्का उपकर घेऊन त्यातून कामगारांचं कल्याण करायचं. चांगला कायदा होता, माझ्या मते. नोंदणीला वय 18 ते 60 आणि गेल्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या शाळेतले कितीतरी पालक सेंट्रिंग, गवंडीकाम करतात. सकाळी नाक्यावर जो उचलेल त्याच्याबरोबर जायचं. तीन महिन्यांत चार मुकादम बदललेला माणूस कोणाची सही आणणार? ठेकेदार सही देत नसेल तर गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत विचारा, असं मी पालकसभेत सांगतो. पण त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, म्हणून बरेचजण जात नाहीत.