साठ दिवसांची मुदत

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आणि सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षाला. तरीही १९७३च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष सैन्य लढाईत उतरवू शकतो. साठ दिवसांत काँग्रेसची संमती मिळाली नाही, तर मात्र ते मागे घ्यावे लागते. या मुदतीचे मूळ टोंकिनच्या आखातात आहे.

२ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटी 'मॅडॉक्स' या अमेरिकी विनाशिकेवर चालून आल्या. ४ तारखेच्या रात्री पुन्हा हल्ला झाल्याची खबर आली. खवळलेला समुद्र, काळोख, सोनारवर येणारे आवाज यांवरून खलाशांनी तसे मानले. प्रत्यक्षात तो हल्ला झालाच नव्हता. पण ७ तारखेला काँग्रेसने ठराव करून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना युद्धासाठी जवळपास कोरा चेक दिला. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ते दोघे म्हणजे ओरेगॉनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. १९६८मध्ये दोघांच्याही जागा गेल्या. तोवर पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक व्हिएतनाममध्ये होते.

काँग्रेसने तो ठराव १९७१मध्ये रद्द केला, तरी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी युद्ध थांबवले नाही. कंबोडियावर त्यांनी चोरून केलेली बॉम्बफेकही पुढे उघडकीस आली. तेव्हा कुठे काँग्रेस खडबडून जागी झाली. सिनेटच्या विधेयकात मुदत होती तीस दिवसांची, प्रतिनिधीगृहाच्या विधेयकात एकशेवीस. तडजोडीत साठ ठरली. त्यासोबत सिनेटने घातलेली खरी वेसणही ढिली पडली: संमतीविना सैन्य नेमके कोणत्या प्रसंगी वापरता येईल, याची यादी बंधनकारक राहिली नाही. म्हणूनच सिनेटच्या विधेयकाच्या पुरस्कर्त्यांपैकी टॉमस ईगलटन यांनी अखेरीस विरोधात मत दिले. आधी लढा, मग विचारा, अशी ही सवलत झाली, हा त्यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. ७ नोव्हेंबर १९७३ रोजी दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांशांहून अधिक मतांनी तो मोडून काढला.

२०११मध्ये लिबियावरच्या हवाई मोहिमेची साठ दिवसांची मुदत मे महिन्यात संपली. कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच, असा युक्तिवाद ओबामा प्रशासनाने केला. संमती न घेता मोहीम ऑक्टोबरअखेरपर्यंत चालली.