अटीवर मिळालेला प्रवेश

माझी धाकटी मुलगी बी.एस्सी. झाली तेव्हा म्हणाली, "अब्बा, मला मुंबईला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करायचंय." मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. नाही म्हणण्याइतका मागासलेला नाही, असा माझा समज. म्हणून म्हणालो, "जरूर शिक. पण दिवेलागणीला घरात दिसली पाहिजेस." करंजाड्याहून मुंबई गाठायची म्हणजे आधी पनवेल स्टेशन, मग लोकलचा लांबलचक प्रवास. आणि प्रयोगशाळेत सुरू केलेलं काम दिवेलागण पाहून थांबत नाही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एका लेखाची झेरॉक्स ठेवलेली होती. विषय होता, कमला सोहोनी.

दुर्गाबाई भागवत मला ठाऊक होत्या. त्यांची ही धाकटी बहीण मात्र फक्त नावापुरती. कमलाबाईंचा जन्म 1911 सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. गुणांत खोट नव्हती. तरी मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला.

कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर सत्याग्रहाची भाषा बोलल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावं लागेल, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! त्यांनी सगळं मान्य केलं. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. पण रामन थोर असूनही मनाने संकुचित होते, तो अपमान आपण विसरलो नाही, हे कमलाबाई उतारवयातही स्पष्टपणे सांगत.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिलं, की पेशीच्या श्वसनात भाग घेणारं 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन वनस्पतींतही असतं. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा! परदेशात राहणं शक्य असूनही त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग्ज कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि लग्नानंतर मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, असा त्यांचा प्रवास झाला. आमच्या कोकणात पहाटे प्यायली जाणारी नीरा त्यांनी प्रयोगशाळेत नेली. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांना तिचा उपयोग होतो, हे तपासून दाखवलं. त्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. तरीही त्याच संस्थेचं संचालकपद त्यांच्याकडे यायला काही वर्षं उशीर झालाच. 1998 मध्ये त्या गेल्या.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे, असंही नाही. एलन ओचोआ या अमेरिकन बाईंचं आजोळ नव्हे, पण वडिलांचं घराणं मेक्सिकोचं. कॉलेजात असताना अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाने त्यांना नाउमेद केलं, तेव्हा त्या भौतिकशास्त्राकडे वळल्या. 1993 मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून अंतराळात जाणारी पहिली हिस्पॅनिक स्त्री म्हणून त्यांचं नाव झालं. त्यांनी एकूण चार उड्डाणं केली आणि 2013 मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरच्या त्या संचालक झाल्या. ज्या खुर्चीवरून नकार येत असतो, त्या खुर्चीपर्यंत कमलाबाईही पोचल्या आणि ओचोआही.

आपण अशा स्त्रियांचे पुतळे उभारतो, जयंत्या करतो. पण त्यांना नाकारणारी माणसं दुष्ट नव्हती, हे सोयीने विसरतो. रामन यांना आपण संस्थेचं भलंच करतो आहोत असं वाटत असणार. मलाही मुलीचं भलंच वाटत होतं. रामन यांची अट होती रात्री काम करण्याची, माझी होती रात्रीआधी परतण्याची. दोन्ही अटी पुरुषांनी घातलेल्या, आणि दोन्ही ठिकाणी मुलीला विचारलंच नव्हतं.

माझी मोठी बहीण, आमची आपा, दहावीला गणितात माझ्याहून हुशार होती. कॉलेज लांब आहे, यायला उशीर होईल, म्हणून ती घरी बसली. तेव्हा मी लहान होतो, हे कारण मला आजवर पुरत होतं. या वेळी ते चाललं नसतं.

मी अट मागे घेतली. प्रयोग लांबतो तेव्हा मुलीचा फोन येतो, आणि मी स्कूटर घेऊन पनवेल स्टेशनबाहेर उभा राहतो. परवा तिला उशीर झाला म्हणून विचारलं, "आज काय केलंस?" घरी पोचेपर्यंत ती सांगत होती. मला निम्मंही कळलं नाही, पण मी मधे एकदाही थांबवलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)