अक्षरावरच्या खुणा आणि आपली आडनावे

‘गोडादऱ्यात’ हा शब्द लिहिताना आपण य ला जोडून एक आडवी, पापणीसारखी रेघ काढतो. ती काढली नाही आणि वर रफार दिला तर उच्चार बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यातला फरक लग्नघरात सर्वांना ठाऊक असतो. हिंदीत ही रेघ नाही, म्हणून हिंदी माध्यमात शिकलेली आपली मुले तिथे अडखळतात.

युरोपातल्या भाषांची अडचण अशीच आहे. रोमन अक्षरे थोडी, बोलण्यातले ध्वनी जास्त. मग अक्षराच्या वर, खाली किंवा मधून खूण करून सोय लावली गेली. आपण स्कोडा म्हणतो ती गाडी चेक भाषेत ‘श्कोडा’ आहे. तिथे एस च्या डोक्यावर लहान टोपी असते, तिने स चा श होतो. सी वर तीच टोपी दिली की च. फ्रेंचमध्ये कॅफे या शब्दातल्या शेवटच्या ई वर तिरपी रेघ असते. हा ई मुका नाही, ‘ए’ म्हणा, एवढेच ती सांगते. स्पॅनिशमध्ये तशीच रेघ जोर कुठे द्यायचा ते दाखवते. ‘पापा’ मध्ये शेवटच्या अक्षरावर रेघ असली तर वडील, नसली तर बटाटा.

जर्मन भाषेत यू वर दोन टिंबे येतात. ओठ ऊ सारखे गोल करायचे आणि म्हणायचे ई. मॅक्स म्युलर यांच्या नावात तोच स्वर आहे, आपण ‘म्यु’ लिहून भागवतो. पोर्तुगीजमधली नागमोडी रेघ तर आपला अनुस्वारच समजा. ‘जुआंव’ या नावात ती ए वर असते आणि स्वर नाकातून येतो.

सुरतकरांनी लक्षात ठेवावे असे एक नाव पोलंडात आहे. कापड गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले ते शहर खुणा वगळून वाचले तर ‘लोड्झ’ वाटते. तिथले लोक म्हणतात ‘वूच’. एल ला मधून तिरपी रेघ आहे, तिचा उच्चार व. ओ वरच्या रेघेने ऊ होतो. मूळचा ल बोलता बोलता व झाला, हे ऐकून आपल्या खानदेशी मंडळींना नवल वाटू नये. अहिराणीत डोळ्याचा ‘डोया’ झालाच आहे!

मराठीतही सर्व ध्वनींना खूण नाही. चमचा आणि चंद्र यांतला च वेगळा, जगणे आणि जग यांतला ज वेगळा, पण लिहितो एकच. घरात मराठी कानावर पडली तरच मूल हे शिकते. गुजरातीत च एकाच प्रकारचा असल्याने आपल्याकडे ही चूक फार ऐकू येते. बॅट, बॉल यांसाठी मात्र चंद्र आपण घेतला, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ, ऑ वर्णमालेत आले.

खरी पंचाईत आडनावांची. काळे इंग्रजीत लिहिले की कोणी ‘काले’ वाचतो, परदेशात तर ‘केल’, म्हणजे एक पालेभाजी. विद्वान लोक ळ आणि ण साठी अक्षराखाली टिंब देतात, गोव्यातल्या रोमी कोकणीत अक्षर दोनदा लिहितात. आधार कार्डावर यातले काही चालत नाही. बँकेत असताना आमच्यासमोर तीन भाऊ आले होते, आडनाव सोनवणे. एकाच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू, दुसऱ्याच्या व्ही, तिसऱ्याने मधला ए गाळलेला. वडिलांच्या ठेवीची रक्कम मिळायला प्रतिज्ञापत्रे करता करता चार महिने गेले. आई रोज विचारायची.

म्हणून जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग पडले तेच शाळेच्या दाखल्यावर, पॅनवर आणि पासबुकावर ठेवावे. उच्चार तोंडी सांगता येतो. पासपोर्टाच्या खालच्या दोन ओळींत जर्मन माणसाचीही टिंबे जातात आणि त्या यू च्या जागी बहुधा यू, ई अशी दोन अक्षरे छापली जातात. तिकीट काढताना तोही तेच स्पेलिंग देतो.