दगडांतील लांकूड आणि धातूंतील गाडा

कर्जताजवळ राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचीं लेणीं आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचें तेथील चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर कण्हाचा शिष्य बलक यानें तें केल्याचा लेख आहे. या बलकानें दगडांत काय घडविलें, असें विचारल्यास उत्तर चमत्कारिक येतें: त्यानें लांकूड घडविलें. कोरीव छतास तुळयांची गरज नसते. तरी विहाराच्या छतांत तुळया कोरल्या आहेत. चैत्यगृहाचे खांब आंतल्या बाजूस कललेले आहेत, कारण लांकडी मंडपांत छताचा रेटा थोपविण्यास ते तसे उभारीत. ते मंडप कधींच कुजून गेले. त्यांची रचना प्रतिकृतींत उरली.

हाच न्याय वाहनांसही लागू आहे. गाडेही लांकडाचेच, म्हणून तेही गेले. परंतु एका कारागिरानें त्यांचीं रूपें धातूंत ओतून ठेवलीं होतीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद ही ओसाड पडलेली प्राचीन वसाहत आहे. तेथें १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यास मूळ खणीत असतां चार भरीव ओतीव वस्तू सांपडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे; तेव्हां हीं मुलांचीं खेळणीं असणें कठीण.

रथ सुमारें ४५ सेंटिमीटर लांब व १६ सेंटिमीटर रुंद आहे. दोन चाकें, लांब दांडी, तिच्या टोंकाशीं जूं, जुंवाखालीं दोन बैल आणि मागें उभा सारथि, असा त्याचा थाट आहे. इतर तीन प्राण्यांची योजना निराळी आहे. गेंडा व रेडा चाकांच्या बैठकींवर उभे आहेत. हत्ती सपाट फळीवर उभा असून फळीखालीं आंस बसविण्याचीं भोंकें आहेत; त्याचीं चाकें मात्र हरवलीं आहेत.

या भेदाचा विचार करण्यासारखा आहे. रथांत ओढणारें जनावर पुढें आहे. हत्ती मात्र कांहीं ओढीत नाहीं, तो स्वतःच ओझें झाला आहे. त्याच्या फळीस गति द्यावयाची तर ती बाहेरच्या हातानेंच. अशा गाड्या मिरवणुकींत ओढून नेत असावेत, असा तर्क म्हणूनच संभवनीय वाटतो. आज खालापुराहून घाट चढणाऱ्या सपाट मालगाडीवर नव्या मोटारी उभ्या दिसतात. त्यांस चाकें असून तीं चालत नाहींत, आणि सारें बळ खालच्या गाडीचें असतें. अशा गाडीची लहान प्रतिकृति करूं पाहणारास प्रथम हेंच ठरवावें लागतें, कीं बळ कोणत्या चाकांस द्यावयाचें आणि कोणतीं नुसतीं फिरूं द्यावयाचीं. दायमाबादच्या कारागिरानेंही ओढणारें आणि वाहिलें जाणारें यांतील भेद ओळखला होता.

हा कारागीर केव्हां झाला, याविषयीं मात्र वाद आहे. तेथें पुढें उत्खनन करणारे साळी या वस्तू उत्तर-हडप्पा काळाच्या मानतात. म्हणजे त्या सुमारें चार हजार वर्षांच्या ठरतात. उलट, डी. पी. अगरवाल यांनीं धातूंतील सोमलाचें प्रमाण पाहून शंका घेतली. दायमाबादच्या इतर ताम्रवस्तूंत असें मिश्रण आढळत नाहीं, सबब या चार वस्तू बऱ्याच अलीकडच्या असूं शकतील, असें त्यांचें म्हणणें. हा वाद मिटविण्यास सर्वांत उपयोगी पडला असता तो पुरावा, म्हणजे त्या वस्तूंभोंवतालच्या मातीचे थर, शास्त्रज्ञ तेथें पोंचण्यापूर्वींच मोडला होता. यांत त्या शेतकऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याची कुदळ नसती, तर वस्तूही कळल्या नसत्या.

प्रतिकृति मूळ वस्तूचें रूप जपते, परंतु स्वतःचें वय सांगत नाहीं. तें तिच्या जागेला ठाऊक असतें. कोंडाण्याची प्रतिकृति डोंगरांतच कोरलेली असल्यानें तिची जागा हलली नाहीं, आणि कर्त्याचें नांवही तिच्यापाशीं राहिलें. दायमाबादचा गाडा अधिक नाजूक विद्या दाखवितो. पण जागेपासून सुटल्यामुळें त्याचा काळ वादांत पडला. म्हणून शेतांत अशी वस्तु दिसल्यास ती काढण्याआधीं जाणत्यास बोलावावें, हा उपदेश शुष्क वाटला तरी एका सबंध युगाचें ज्ञान त्यावर अवलंबून असतें.