बुद्धिबळाचा देशी डाव

गेल्या दिवाळीच्या सुटींत वाटूरास एका स्नेह्याच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला. दिवेलागणीनंतर ओसरीवर सतरंजी अंथरून बुद्धिबळाचा पट मांडला गेला, आणि पहिल्याच खेळीला वाद उपस्थित झाला. स्नेह्याच्या पुतण्यानें राजापुढील प्यादें दोन घरें सरकविलें. समोर घरांतले वृद्ध काका बसले होते. ते म्हणाले, "मागें घे. आमचें प्यादें एकच घर चालतें." निवाडा अर्थातच प्रोफेसरावर सोंपविण्यांत आला.

वाद दिसतो तितका क्षुल्लक नव्हता. देशी पद्धतींत प्यादें आरंभापासून एकेक घर चालतें. किल्लेकोट नाहीं, त्याऐवजीं शह न बसलेल्या राजाला एकदां घोड्याची उडी घेतां येते. आणि प्रतिपक्षाचा राजा अगदीं एकटा उरला कीं डाव बुर्जी होतो, पुरा जय पदरांत पडत नाहीं. वजिरानें मात करणें साधें, प्याद्यानें करणें मानाचें.

हा खेळ आपल्याकडे केवळ रिकामटेकड्यांचा मानला गेला नव्हता. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासां'त राजाच्या विनोदांमध्यें बुद्धिबळास स्थान आहे. सतराव्या शतकांत काशीच्या नीलकंठभट्टानें तर 'नीतिमयूख' या राजनीतीवरील ग्रंथांतच बुद्धिबळाचें प्रकरण घातलें. या भट्टांचें मूळ गांव पैठण, हें ऐकतांच काकांचा चेहरा खुलला.

पण पुढची गोष्ट त्यांना रुचली नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांनीं 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला. १८१४ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर मुंबईस छापलें गेलें, आणि हे डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतले आहेत, असें त्याच्या शीर्षकांतच नमूद होतें. शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें तें १८१७ च्या नोव्हेंबरांत. म्हणजे राज्य जाण्यापूर्वींच तीन वर्षें आमच्या छापील पटावरील प्यादें परक्या नियमानें चालूं लागलें! काकांनीं यास शरणागति म्हटलें. मला तसें वाटत नाहीं. परक्या वाचकांपुढें आपली विद्या मांडावयाची, तर त्यांच्या नियमांत ती सिद्ध करून दाखविणें यांत हीनता कसली? १८१७ सालीं लंडनच्या विल्यम लुईसनें हेच डाव पुन्हां छापले.

तथापि नुकसान झालेंच. मीर सुलतान खान हा पंजाबी खेळाडू देशी पद्धतींत वाढला आणि १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून गेला. आरंभीच्या खेळ्यांत तो कच्चा राही, पण डावाच्या अखेरीस भल्याभल्यांना भारी पडे. तो धीमेपणा आतां कोठें शिकावयाचा? मीं निवाडा दिला: पुतण्यानें स्पर्धेंत नवा नियम पाळावा, या ओसरीवर काकांचा.

मग काकांनीं मलाच बसविलें. दोन घटकांत माझ्याजवळ राजा आणि एक प्यादें एवढेंच उरलें. तें प्यादें त्यांनीं मारलें नाहीं. मारतें तर डाव बुर्जी झाला असता. वजिराची मात समोर दिसत असूनही ते ती टाळीत होते, आणि माझें एकुलतें प्यादें माझ्यापेक्षां अधिक काळजीनें जपीत होते. पुतण्या जांभया देतां देतां सरसावून बसला. स्वयंपाकघरांतून जेवणाची तिसरी हांक आली, तेव्हां कोठें त्यांचें हत्तीपुढचें प्यादें एक घर पुढें सरकलें आणि माझा राजा अडकला.

"आतां पानें वाढा," काका म्हणाले.