मृगजळ खोटं, तहान खरी
उन्हाळ्यात पाचोडच्या हायवेवर लांब पाणी चमकतं. जवळ गेलं की नुसतं डांबर. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो आणि आकाशच रस्त्यावर दिसतं. मोबाइलच्या फोटोतही येतं! म्हणजे प्रकाश खरा, ‘पाणी’ हा आपला अंदाज.

अद्वैतात मायेसाठी हाच दाखला देतात. मग जग खोटं म्हणून हात झटकायचे का? आपल्याच तालुक्यातल्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात ‘अमृतानुभवा’त जगाला चैतन्याचा विलास म्हटलं. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) ‘हस्तामलक’ या अद्वैत स्तोत्रावर मराठीत विवरण लिहिलं. त्याच नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजलं, अशी आख्यायिका आहे.

मंडळी, टँकरची वाट बघणाऱ्याला ‘सगळी माया’ सांगू नका. नाथांनी आधी पाणी पाजलं.